शेतमालाच्या वाहतुकीसाठी जुने डिझेल पिकअप वाहन : निवड व पारख

भाजीपाला, फळे, दूध अथवा कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या जमाखर्चात वाहतुकीचा खर्च मोठा असतो आणि बहुधा तो नीट मांडलेला नसतो. टोमॅटोची तोडणी सकाळी आटोपली, परंतु भाड्याचे वाहन दुपारी आले, तर त्या दिवशीचा लिलाव हुकतो आणि दुसऱ्या दिवशी नरमलेल्या मालास पडेल तो भाव घ्यावा लागतो. याकरिता आपल्या दारात स्वतःचे लहान मालवाहू वाहन असावे, अशी इच्छा शेतकऱ्यास होणे स्वाभाविक होय. तालुक्याच्या गावी जाणे-येणे, मुलांचे शिक्षण, दवाखाना, घरातील कोणाची नोकरी ही कामेही त्याच वाहनाने भागावीत, असा दुसरा हेतू त्यामागे असतो. नवे वाहन घेण्याची ऐपत सर्वांची नसते. सबब पाच-सात वर्षे चाललेले डिझेल पिकअप घेण्याकडे अनेकांचा कल आढळतो.

असे वाहन घेण्यात वावगे काही नाही. तथापि दात पाहिल्यावाचून व औतास जुंपून पाहिल्यावाचून जो शेतकरी बैल घेत नाही, तोच शेतकरी नवा रंग पाहून वाहनाचा विसार देऊन मोकळा होतो, हे मात्र वारंवार दृष्टीस पडते. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे या बाबतीत सल्ला मागितला जातो. त्यांस व शेतकऱ्यांस उपयोगी पडेल अशी माहिती पुढे दिली आहे.

गरज किती, हे प्रथम ठरवावे

प्रत्येक मालवाहू वाहनाच्या नोंदणी पुस्तिकेत दोन वजने लिहिलेली असतात : एक रिकाम्या वाहनाचे व दुसरे मालासह एकूण भारित वजन. या दोहोंतील अंतर म्हणजे त्या वाहनाने वाहावयाचा कायदेशीर भार. 2005 साली बाजारात आलेला व लोकांच्या तोंडी ‘छोटा हत्ती’ झालेला टाटा एस हा 702 घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरी डिझेल इंजिनावर सुमारे पाऊण टन माल नेतो. 2011 साली आलेल्या अशोक लेलँडच्या दोस्तची क्षमता सुमारे सव्वा टन होती. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये सुमारे अडीच लिटरचे चार सिलिंडरी इंजिन असून निरनिराळ्या प्रकारांत सव्वा टनापासून 1.7 टनापर्यंत भार घेता येतो. एकाच नावाच्या गाडीचे असे अनेक प्रकार असल्याने विक्रेत्याच्या सांगण्यावर न जाता पुस्तिकेतील आकडा पाहणे अवश्य आहे.

आता आपला माल मोजावा. टोमॅटोचे 20 किलोंचे भरलेले क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह 22 किलो धरले, तर सव्वा टनाच्या गाडीत 56 क्रेट बसतात. पाऊण टनाच्या गाडीत 34. दुधाचा 40 लिटरचा कॅन भरल्यावर कॅनसह 50 किलोंच्या आसपास जातो, म्हणजे 15 कॅनमध्येच लहान गाडी भरते. कांद्याच्या बाबतीत मात्र हौद्यात जागा शिल्लक दिसते म्हणून माल टाकत जाण्याची प्रवृत्ती असते. दीड टनाच्या गाडीत 15 क्विंटल कांदा न्यावयाचा असतो. बाजार समितीच्या काट्यावर 25 क्विंटलची पावती निघणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. जुनी गाडी घेणाराने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपण जी गाडी घेणार तिच्यावरही पहिल्या मालकाने हेच केलेले असण्याचा संभव आहे.

स्वतःचे वाहन परवडते काय, याचा हिशेब कागदावर करावा. समजा, बाजार 20 किलोमीटरवर आहे व वर्षातून 120 वेळा माल न्यावयाचा आहे. हे 4,800 किलोमीटर झाले. शिवाय घरातील एकास वर्षातून 250 दिवस जाऊन-येऊन 24 किलोमीटर जावे लागते. हे 6,000 किलोमीटर. एकूण 10,800 किलोमीटरांस लिटरमागे 12 किलोमीटर या मानाने 900 लिटर डिझेल लागेल व लिटरला 90 रुपये धरल्यास 81,000 रुपये होतील. विमा, कर, तपासणी, ऑइल, टायर व दुरुस्ती मिळून 60,000 रुपये धरू. गाडी 4 लाखांस घेतली व पाच वर्षांनी 2 लाखांस विकली, तर वर्षाची घट 40,000 रुपये. एकूण खर्च 1,81,000 रुपये.

याउलट भाड्याची गाडी खेपेस 1,200 रुपयांप्रमाणे 1,44,000 रुपये घेईल आणि रोजचा प्रवास मोटारसायकलवर केल्यास पेट्रोल व देखभाल मिळून 17,600 रुपयांच्या आसपास खर्च येईल. म्हणजे 1,61,600 रुपये. स्वतःचे वाहन या उदाहरणात वर्षाला 19,400 रुपयांनी महागच पडले. वेळेवर बाजार गाठल्यामुळे दर खेपेस किमान 162 रुपये अधिक पदरात पडत असतील, म्हणजे 50 क्रेटमागे क्रेटला सव्वातीन रुपये, तर ही तूट भरून निघते. हे अशक्य नाही. परंतु गाडी 10 टक्के व्याजाच्या कर्जावर घेतली असेल, तर पहिल्या वर्षी 40,000 रुपये व्याज वाढते आणि तीच गोष्ट क्रेटला सुमारे 10 रुपयांवर जाते. वरील आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशेब करावा. भाड्याच्या पैशात गाडीचा हप्ता निघतो, हे वाक्य विक्रीच्या ठिकाणी फार ऐकू येते. त्यात डिझेल धरलेले नसते.

माल व माणूस या दोन कामांची ओढ परस्परविरुद्ध असते, हेही ध्यानी घ्यावे. पिकअपचे मागील पाटे भारासाठी बनविलेले असतात. गाडी रिकामी असता ते लवत नाहीत, मागचा भाग उसळतो व ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यास मागील चाके घसरतात. रोजचा रिकामा प्रवास अधिक आणि माल हंगामापुरता असेल, तर सव्वा टनाऐवजी लहान गाडी, किंवा दुहेरी केबिनची गाडी पाहावी. बोलेरो कॅम्परसारख्या दुहेरी केबिनच्या गाडीत पाच माणसे आत बसून मागे सुमारे एक टन माल नेता येतो. हौदा आखूड असतो, ही त्याची किंमत होय.

इंजिन कोणत्या काळातील आहे

धुरासंबंधीची भारत स्टेज 4 ही मानके 1 एप्रिल 2017 पासून व भारत स्टेज 6 ही मानके 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झाली. यामुळे जुन्या बाजारातील डिझेल गाड्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

सर्वांत जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप व साधी नोझल असतात. त्या धूर अधिक करतात, परंतु तालुक्याच्या गावचा कोणताही जाणता फिटर त्या उघडून दुरुस्त करतो. मधल्या वर्गात कॉमन रेल पद्धती आली. तीत अतिशय उच्च दाबाखाली व इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल सोडले जाते. गाडी कमी डिझेलात अधिक ओढते, परंतु डिझेलात पाणी अथवा कचरा गेल्यास इंजेक्टर बिघडतात व ते बदलणे खर्चाचे असते. पिंपातून बाटलीने डिझेल भरण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी ती अशी गाडी घेण्यापूर्वी सोडावी.

तिसऱ्या वर्गातील, म्हणजे 2020 नंतरच्या गाड्यांत, धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी ही गाळणी सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते व त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालावी लागते. जिचा रोजचा प्रवास वस्तीपासून डेअरीपर्यंतचा चार किलोमीटरांचा आहे, अशा गाडीत ती तापतच नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो व इंजिनाची ओढ कमी होते. थोड्या अंतराच्या रोजच्या खेपांसाठी घेतलेली या वर्गातील गाडी म्हणूनच आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर नेणे इष्ट असते. घेतानाही हा दिवा किल्ली फिरविताच लागतो व इंजिन सुरू झाल्यावर विझतो की नाही, ते पाहावे. मुळीच न लागणारा दिवा काढून टाकलेला असण्याची शक्यता असते. गाळणी पोकळ करून विकलेल्या गाड्याही आढळतात.

यांपैकी काही गाड्यांत डिझेलाखेरीज युरियाचे द्रावण भरण्याची वेगळी टाकी असते. येथे शेतकऱ्याच्या मनात एक विचार हटकून येतो, तो असा की, घरात पोती असताना हे द्रावण विकत का आणावे? ते द्रावण खनिजरहित पाण्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया घालून केलेले असते. शेतीचा युरिया तितका शुद्ध नसतो आणि 2015 पासून तो निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. असा युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतल्यास पंप, नोझल व धूर शुद्ध करणारा भाग निकामी होतो, व त्यांची किंमत कित्येक वर्षांच्या द्रावणाहून अधिक भरते. अनुदानित खत अन्य कामास वापरणे हा गुन्हा आहे, ती गोष्ट वेगळीच.

वाहनाची पारख

गाडी पाहण्यास सकाळी जावे व आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोहोचताच इंजिनास हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. ते गरम असेल, तर थंड इंजिन सहज सुरू होत नाही, ही गोष्ट लपविली जात असावी, असे समजण्यास जागा आहे. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन तो मिनिटा-दोन मिनिटांत नाहीसा झाला, तर काळजीचे कारण नाही. पांढरा धूर टिकून राहिल्यास नोझलचा अथवा दाबाचा दोष संभवतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळीत आहे. काळा धूर बहुधा हवेच्या तुंबलेल्या गाळणीमुळे किंवा अधिक डिझेल जात असल्याने येतो व तुलनेने स्वस्तात सुधारतो.

इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण हलकेच उघडून पाहावे. त्यातून धुराचे झोत धापा टाकल्याप्रमाणे बाहेर पडत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत व इंजिन उतरविण्याचा खर्च समोर उभा आहे. डिझेल इंजिनातील ऑइल काळे असणे हा दोष नव्हे. पण झाकणाच्या आतून दह्यासारखा चिकटा आढळल्यास, किंवा इंजिन थंड असताना रेडिएटर उघडून पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास पाणी व ऑइल एकमेकांत मिसळत आहेत असे जाणावे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी सोडून द्यावी.

इंजिनापेक्षाही चासीकडे अधिक लक्ष देणे जरूर आहे, कारण इंजिन बांधता येते; तडा गेलेली चासी मात्र जोडकामानंतरही भरवशाची राहत नाही. गाडीखाली शिरून पाटे जेथे चासीला अडकविलेले असतात, त्या जागा विजेरीच्या प्रकाशात पाहाव्यात. तेथे ताजे वेल्डिंग, जाड पट्टी ठोकलेली जागा किंवा केवळ तेवढ्याच भागावर नवा रंग असल्यास गाडीने अतिभार वाहिला आहे. पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंस मोजावी. जादा पाटा घातलेली गाडी मजबूत म्हणून अधिक दराने विकली जाते. वस्तुतः पाटा वाढविल्याने पाट्याचीच ताकद वाढते. धुरा, ब्रेक, टायर व चासी पूर्वीचीच राहून त्यांवर अधिक ओझे येते. शंका वाटल्यास गाडी रिकामी वजनकाट्यावर न्यावी आणि आलेले वजन पुस्तिकेतील रिकाम्या वजनाशी ताडून पाहावे. उंच केलेल्या लोखंडी बाजू व जादा पाटे यांनी वाढलेले प्रत्येक किलो आपल्या मालाच्या भारातून वजा होते.

गाडीने पूर्वी काय वाहिले, हे हौदा सांगतो. वीट व वाळू वाहिलेल्या हौद्याचा पत्रा पोचे पडून खाली झुकलेला असतो व मागचा फाळका नीट बसत नाही. किनारपट्टीवर मासळी व बर्फ वाहिलेल्या गाडीत खारट पाणी सांध्यांतून झिरपून चासी आतून खाल्लेली असते. वरून काळा रंग दिलेला असल्यास लहान हातोडीने ठोकून पाहावे. घट्ट लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले दबक्या आवाजाने वाजून पापुद्रे सोडते. खताची पोती सतत वाहिलेल्या हौद्याचीही अशीच गत होते.

पुढील चाक जॅकवर उचलून वर-खाली व आडवे हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास चाकाचे बेअरिंग अथवा जोड झिजले आहेत. टायर एकाच बाजूने झिजलेले असल्यास नुसते टायर बदलून भागणार नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात; 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली, तरी फार वर्षांचा टायर भरल्या गाडीस धोक्याचा असतो. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फारसे विसंबू नये. तो मागे फिरविता येतो. क्लच व ब्रेकच्या पायट्यांवरील गुळगुळीत झालेले रबर मागे फिरविता येत नाही.

यानंतर गाडी चालवून पाहावी व ती भरून पाहावी. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, तरी दहा-पंधरा पोती टाकून एखादा चढ चढविण्याचा आग्रह धरावा. रिकाम्या गाडीत न दिसणारे दोष येथे उघडे पडतात. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच संपला आहे असे समजावे. उतारावर पाय सोडताच गिअर आपोआप निसटत असल्यास गिअरपेटी उघडावी लागेल. गाडी पुढे-मागे करताना खालून टक् असा आवाज येणे हे शाफ्टच्या क्रॉसचे दुखणे आहे आणि ते किरकोळ आहे. चढानंतर उष्णतेचा काटा कोठवर गेला, हे पाहून मगच गाडी परत करावी. सोबत आपला फिटर असावा. विक्रेत्याने सुचविलेला नसावा.

कागदपत्रे

जमीन घेताना जसा सातबारा पाहतात व त्यावरील बोजा वाचतात, तद्वत वाहनाची नोंद वाचावी. वित्तसंस्थेचे कर्ज असल्यास त्याची नोंद पुस्तिकेत असते. ते फिटले असल्यास संस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना 35 घेऊन हा बोजा परिवहन कार्यालयात उतरविला गेला पाहिजे. उरलेले हप्ते आपण भरू, या बोलीवर गाडी ताब्यात घेण्याचा प्रकार फार चालतो. यात पैसे घेणारा भरतो, गाडी मात्र मूळ मालकाच्या नावे व संस्थेच्या बोजाखाली राहते. मालकाने पूर्वीचे हप्ते थकविलेले असल्यास संस्था ती शेतातूनही उचलून नेते.

शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सही झाली की गाडी आपली झाली, हा समजही चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये विकणाराने राज्यातील हस्तांतरणाची सूचना 14 दिवसांत व घेणाराने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. त्याकरिता नमुना 29 व 30 आहेत. विमाही आपल्या नावे करून घेण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो. नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. म्हणून आपली जुनी गाडी विकणाऱ्या शेतकऱ्यानेही ही गोष्ट तितकीच मनावर घ्यावी. गाडी दुसऱ्याच्या हाती जाऊन वर्ष उलटले, तरी नाव न बदलल्यास भरपाईची नोटीस त्याच्याच घरी येते.

मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते, ज्यास बोलीभाषेत पासिंग म्हणतात. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. 15 वर्षांवरील वाहनांच्या तपासणीचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून पुष्कळ वाढले आहे, तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, हे निराळे सांगावयास नको. एकूण भारित वजन 3,000 किलोंहून अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही. त्याहून जड प्रकारास लागतो. परराज्यातील गाडी घेतल्यास तेथील ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते व येथील कर भरून पुन्हा नोंदणी करावी लागते; हा खर्च किमतीत मिळविल्यावर स्वस्ताई बहुधा उरत नाही. चासीवर कोरलेला क्रमांक पुस्तिकेशी स्वतः ताडून पाहावा. तो घासलेला दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

चालविणाऱ्याविषयी एक खुलासा करणे जरूर आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीस 7,500 किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ठरविले. त्यामुळे पिकअपसाठी वेगळ्या नोंदीवाचून विमा नाकारला जाईल, ही पूर्वीची भीती राहिलेली नाही.

हौद्यात माणसे नेऊ नयेत

गाडी दारात आली की तिच्याकडून पहिली मागणी होते ती बहुधा मालाची नसते. खुरपणीच्या बायका आणावयाच्या असतात, वऱ्हाड न्यावयाचे असते, देवदर्शनास जावयाचे असते. आणि शेजाऱ्यास नाही म्हणणे गावात कठीण जाते. ऑगस्ट 2025 मध्ये पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांचे पिकअप चढावरून मागे येऊन खाली कोसळले व अनेक महिला मृत्युमुखी पडल्या. हौद्यात धरावयास काही नसते. माणसे उभी असता वाहनाचा तोल वर जातो, आणि चढावर सर्व भार मागे सरकून पुढील चाकांची पकड सैल होते. मालवाहू वाहनात फुकट बसविलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही. ते मालकावर, म्हणजे त्याच्या जमिनीवर येते. मजुरांची ने-आण हे ज्याचे नित्याचे काम आहे, त्याने प्रवासी वाहन ठरवावे अथवा दुहेरी केबिनची गाडी घेऊन जितक्या जागा तितकीच माणसे न्यावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गाडी घेण्यापूर्वीच घरातील मंडळींसमक्ष बोलून ठेवावी. गाडी आल्यावर ती बोलणे अवघड होते.

वाहन ताब्यात आल्यावर

पूर्वीच्या मालकाने नुकतेच ऑइल बदलले असे सांगितले, तरी पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइलची गाळणी, डिझेलची गाळणी व हवेची गाळणी बदलून त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहावेत. शाफ्ट व पुढील जोडांच्या ग्रीसच्या जागा साफ करून ग्रीस भरावे. ब्रेकचे तेल बदलावे. डिझेल गाळणीच्या तळाशी साठलेले पाणी काढण्याची कळ कोठे आहे, हे फिटरकडून एकदा समजून घेऊन पावसाळ्यात दर आठवड्यास स्वतः ते पाणी सोडावे. थेंब-दोन थेंबांऐवजी अर्धी वाटी पाणी निघू लागल्यास डिझेल भरण्याचे ठिकाण बदलावे व टाकी धुऊन घ्यावी.